गहू आला, कादंबऱ्या गेल्या: मराठी पुस्तकं शिकागोत जपली जातात आणि आपल्याकडे रद्दीत का जातात?

बीडहून मांजरसुंब्याला यायचं, केजच्या रस्त्याला लागायचं, की थोड्याच वेळात नेकनूर येतं. जिल्ह्यातल्या माणसाला नेकनूर म्हटलं की जनावरांचा बाजार आठवतो, नाहीतर बंकटस्वामींचं संस्थान. पुस्तकांसाठी हे गाव कुणी लक्षात ठेवलेलं नाही. पण माझं आजोळ तिथलं, आणि ही स्टोरी तिथल्या एका पत्र्याच्या पेटीतून सुरू होते.

झालं असं की, गेल्या दिवाळीत माळवदावरची अडगळ काढताना आजोबांच्या पेटीत एक रहस्यकथा सापडली. कव्हर नाही, पहिली आठ पानं नाहीत, शेवटचं पानही गायब. मधल्या एका पानावर कुठल्यातरी वाचनालयाचा पुसट झालेला गोल शिक्का. आत ‘काळा पहाड’ होता, म्हणजे पुस्तक बाबुराव अर्नाळकरांचं हे नक्की. पण कोणतं? अर्नाळकरांनी हजाराहून जास्त पुस्तकं लिहिलीत.

मी मोबाईल काढला. अर्धा तास शोधलं, काहीच हाती लागलं नाही. मग एका जुन्या वाचनालयात गेले. तिथल्या काकांनी दाखल नोंदवही काढून दिली. त्यात अर्नाळकरांची पानंच्या पानं भरलेली होती, आणि जवळजवळ प्रत्येक नोंदीसमोर लाल शाईत एकच शब्द होता : निर्लेखित.

निर्लेखित म्हणजे फाटलं, हरवलं, वाळवीने खाल्लं किंवा जागा नव्हती म्हणून यादीतून कमी केलं. सरळ भाषेत, रद्दीत गेलं. काका म्हणाले, “बाळा, लोकांनी वाचून वाचून चिंध्या केल्या होत्या. बाइंडिंगला पैसे कुठनं आणायचे?”

त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण एक प्रश्न डोक्यात राहिला. असली ‘हलकी’ समजली जाणारी, वाचून फेकून द्यायची पुस्तकं जगात कुणीच जपत नाही का?

जपतात. आणि ती कशी जपतात, हे समजून घ्यायची वेळ आत्ताची आहे. कारण मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, जिथे लीळाचरित्राचा जन्म झाला तिथे, मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. विद्यापीठ म्हटलं की ग्रंथालय आलं. मग शून्यापासून सुरू होणाऱ्या ग्रंथालयाने दुर्मीळ पुस्तकांचा संग्रह उभा करायचा तरी कसा?

ओहायोतल्या लोकांनी काय केलं?

अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठ आहे. तिथल्या ग्रंथालयात ‘विल्यम चार्वट कलेक्शन ऑफ अमेरिकन फिक्शन’ नावाचा संग्रह आहे. चार्वट तिथले इंग्रजीचे प्राध्यापक होते. अमेरिकन कादंबरीच्या जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी हा एक.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिका आहे, पैसा आहे, घेतली असतील विकत. पैसा होताच. पण नुसत्या पैशाने हे झालं नसतं. त्यांच्याकडे आधी एक यादी होती.

कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन लायब्ररीत लाईल राइट नावाचे एक गृहस्थ काम करायचे. त्यांनी १७७४ पासून अमेरिकेत छापल्या गेलेल्या अमेरिकन लेखकांच्या कादंबऱ्या आणि कथासंग्रहांची यादी करायला घेतली. पहिला खंड, १८५० पर्यंतचा, १९३९ मध्ये आला. दुसरा, १८७५ पर्यंतचा, १९५७ मध्ये आणि तिसरा, १९०० पर्यंतचा, १९६६ मध्ये. या यादीची खरी गंमत म्हणजे त्यात चांगलं-वाईट असा भेद नव्हता. हॉथॉर्न आणि मेलव्हिल होते, आणि ज्यांचं नाव त्यांच्या नातवंडांनाही आठवत नसेल असेही शेकडो लेखक होते. पुस्तकाची प्रत कोणत्या ग्रंथालयात आहे, याचीही खूण नोंदीसमोर होती.

अशी यादी हातात आली की ग्रंथपालाचं काम बदलतं. ‘काहीतरी जुनं, चांगलं मिळालं तर घेऊ’ हे मागे पडतं आणि ‘यादीतलं अमुक पुस्तक आपल्याकडे नाही, ते शोधा’ सुरू होतं. जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांना मग कळतं की अमुक विद्यापीठ कसलीही, अगदी कुणी न वाचलेलीही कादंबरी घेतं. ते आपणहून कळवायला लागतात. एखादा संग्राहक वारला की त्याचे घरचे फोन करतात. पुढे तर व्यापारी आपल्या कॅटलॉगमध्ये मुद्दाम लिहायला लागले, ‘राइटमध्ये नाही’. म्हणजे यादी करणाऱ्यालाही न सापडलेलं पुस्तक आहे, किंमत जास्त पडेल!

दुसरी गोष्ट कव्हरची. साध्या ग्रंथालयात पुस्तक आलं की वरचा कागदी वेष्टनाचा भाग काढून टाकतात, जाड पुठ्ठा घालतात, शिक्के मारतात. दुर्मीळ संग्रहात नेमकं उलटं. पुस्तक जसं दुकानात विकायला ठेवलं होतं तसंच ठेवायचं. फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ १९२५ साली आली. तिच्या पहिल्या आवृत्तीची प्रत कव्हरशिवाय असेल तर काही हजार डॉलरना जाते. तीच प्रत मूळ कव्हरसकट असेल तर किंमत लाख डॉलरच्या पुढे. त्यातही पहिल्या कव्हरवर मागच्या बाजूला ‘जे गॅट्सबी’ या नावातलं पहिलं अक्षर चुकून लहान लिपीत छापलं गेलं होतं आणि ते शिक्का मारून दुरुस्त केलं होतं. ही चूक असलेलं कव्हर असेल तर संग्राहक अजून खूश.

हे वाचताना मला आपले दीनानाथ दलाल आठवले. मराठी पुस्तकांची आणि अंकांची हजारो मुखपृष्ठं या माणसाने रंगवली. आणि आपल्या वाचनालयांनी त्यातली किती बाइंडिंग करताना फाडून टाकली असतील? पुस्तक टिकावं म्हणूनच केलं ते, हेतू चांगलाच होता. पण आज दलालांच्या मुखपृष्ठांचा कुणाला नीट अभ्यास करायचा असेल तर तपकिरी रेक्झिन चढवलेल्या रांगांमधून त्याला काय मिळणार?

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे नाक न मुरडणं. अमेरिकेत १८६० पासून ‘डाइम नॉव्हेल’ निघायला लागल्या. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं. दहा सेंटची स्वस्त कागदावरची कादंबरी : काऊबॉय, चोर, डिटेक्टिव्ह. तेव्हाच्या शिक्षकांना आणि पाद्र्यांना त्या बघवत नसत. आज इलिनॉयमधल्या नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठात या डाइम नॉव्हेल्सचा खास विभाग आहे. सामान्य कामगार, पोरंसोरं काय वाचत होती, त्यांच्या डोक्यात कोणती स्वप्नं होती, हे त्यातून कळतं. आपल्या अर्नाळकरांच्या नोंदीसमोर मात्र लाल शाई.

मग मराठी कादंबऱ्या अमेरिकेत कशा गेल्या?

इथे आजी या गोष्टीत येते. पेटीतलं पुस्तक बघून तिला बहात्तरचा दुष्काळ आठवला. “आमी मिलो खाल्ली रं बाबा. तांबडी, कडवट. भाकर थापली की चिरायची. खडी फोडायला जायचो, सुकडी मिळायची.” बीड जिल्ह्यातल्या साठी-सत्तरीपुढच्या कुणालाही विचारा, मिलो हा शब्द ऐकून तोंड वाकडं करतील. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी.

आजीची मिलो १९७२ची. पण परदेशी धान्य खाण्याची वेळ देशावर त्याच्या बरीच आधी आली होती. अमेरिकेने १९५४ मध्ये एक कायदा केला, पब्लिक लॉ ४८०. आपल्याकडे त्याला पीएल-४८० म्हणतात. अमेरिकेत गव्हाचे डोंगर साचले होते आणि आपल्याकडे डॉलर नव्हते. मग तोडगा असा निघाला की भारताने गहू घ्यायचा आणि पैसे रुपयांत द्यायचे. १९५६ मध्ये भारताशी पहिला करार झाला. १९६६ सालात तर एक कोटी टनांच्या आसपास धान्य देशात आयात झालं, त्यातलं बहुतेक अमेरिकेतून. जहाज बंदराला लागायचं आणि गहू थेट रेशन दुकानात जायचा, अशी अवस्था.

(मध्येच एक गोष्ट सांगून टाकते. गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, या पीएल-४८०च्या गव्हातून आलं असं आपण सगळेच ऐकत आलोय. पण पुण्यात या गवताची नोंद पहिल्या कराराच्या आधीच, १९५५च्या सुमारास झालेली आहे. त्यामुळे निदान पहिलं रोप तरी या गव्हातून आलेलं दिसत नाही. व्हॉट्सॲपवर पुढच्या वेळी ही माहिती आली तर तेवढं सांगा.)

तर भारताने गव्हाचे पैसे रुपयांत दिले. हे रुपये अमेरिकेच्या नावावर इथेच साचत गेले. डॉलर करून ते बाहेर नेता येत नव्हते, इथेच खर्च करायचे होते. खर्च करून करून किती करणार? शेवटी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा एक चेक भारत सरकारला देऊन टाकला. तेव्हाचा जगातला सगळ्यात मोठा चेक म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली.

पण त्याआधी कुणाच्या तरी डोक्यात एक भन्नाट कल्पना आली होती. मिशिगनचे खासदार जॉन डिंगेल यांनी १९५८ मध्ये कायद्यात दुरुस्ती सुचवली, की या अडकलेल्या रुपयांतून त्या त्या देशातली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांना द्यावीत. ती मंजूर झाली. १९६२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत ऑफिस सुरू झालं. भारतातल्या सगळ्या मुख्य भाषांमधली नवी पुस्तकं तिथे यायची. कादंबऱ्या, कविता, सरकारी अहवाल, मासिकं. प्रत्येक पुस्तकाच्या अनेक प्रती घेतल्या जायच्या आणि शिकागो, बर्कली, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया अशा विद्यापीठांना पेट्या भरून रवाना व्हायच्या. काय काय घेतलं याची छापील यादीही निघायची.

म्हणजे हिशेब बघा. गहू आला, भारताने रुपये मोजले, त्यातल्या काही रुपयांतून पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची पुस्तकं विकत घेतली गेली, आणि ती जहाजाने शिकागोला गेली. पुस्तक चांगलं की वाईट हे ठरवायला समीक्षक बसवले असते तर निम्मी पुस्तकं गेलीच नसती. इथेही खरेदीची जाळी मोठी होती, म्हणून संग्रह मोठा झाला.

याचा फायदा तुम्हीही घेतलाय, कदाचित न कळता. एखाद्या जुन्या मराठी शब्दाचा अर्थ शोधताना मोल्सवर्थचा कोश उघडता ना? १८५७च्या आवृत्तीचा तो ऑनलाइन कोश शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’वर आहे. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’सुद्धा तिथेच. ट्विटरवर शुद्धलेखनाची भांडणं आपण करतो, पुरावा शिकागोच्या सर्व्हरवरून आणतो.

रुपयांचा साठा संपल्यावर ही योजना बंद पडली नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी स्वतःचे पैसे घालून ती चालू ठेवली आणि दिल्लीचं ऑफिस चालूच राहिलं.

पण आता तिकडेही सगळं आलबेल नाही. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ग्रंथालयांना केंद्रीय निधी देणाऱ्या संस्थेला कात्री लावायचा आदेश काढला आणि ते प्रकरण कोर्टात गेलं. मे महिन्यात लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रमुख कार्ला हेडन यांना पदावरून काढलं. ऑगस्टमध्ये शिकागो विद्यापीठाने मानव्यविद्येच्या अनेक विभागांत २०२६-२७ साठीचे पीएचडी प्रवेश थांबवायचं किंवा कमी करायचं ठरवलं. पुस्तकं कपाटात राहतील हो, पण ती वाचणारा, त्यांची यादी वाढवणारा माणूसच नेमला गेला नाही तर? ‘आपली पुस्तकं अमेरिकेत सुरक्षित आहेत’ या भरवशावर झोपायचे दिवस संपत चाललेत, असं मला तरी वाटतं.

उलट दिशेनेही पुस्तकं आली, आणि थेट मराठवाड्यात पोचली

ही गोष्ट एकेरी नाही. अमेरिकन कादंबरीही आपल्याकडे आली, आणि तिने मराठी साहित्यात उलथापालथ केली.

१९६४ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात ‘अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर’ सुरू झालं. अमेरिकन साहित्याचा आणि इतिहासाचा आशियातला एक मोठा संग्रह तिथे उभा राहिला. देशभरातले इंग्रजीचे प्राध्यापक, पीएचडी करणारी मुलं तिथे जाऊन राहायची, वाचायची, नोट्स काढायची. मराठवाड्याला हैदराबाद काही परकं नव्हतं. १९५६ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता, आणि औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आलं, त्याआधी विद्यापीठ म्हणजे उस्मानियाच. शीतयुद्ध संपलं तसा अमेरिकेचा या केंद्राला मिळणारा निधी आटला आणि पुढे ते उस्मानिया विद्यापीठाच्या पंखाखाली गेलं.

पण मराठवाड्यात अमेरिकन साहित्याचं वारं आलं ते मुख्यतः औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं हे कॉलेज १९५० मध्ये सुरू झालं. तिथले प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेत, फ्लोरिडा विद्यापीठात, पीएचडी केली होती. तिकडे कृष्णवर्णीय लेखकांचं लेखन त्यांनी जवळून पाहिलं आणि इथे येऊन आपल्या विद्यार्थ्यांना, नव्या लेखकांना त्याबद्दल सांगायला सुरुवात केली. तुमचं जगणं तुमच्या भाषेत लिहा, हा त्यांचा आग्रह. त्याच वर्तुळातून १९६०च्या दशकाच्या शेवटी गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ उभं राहिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिचं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीवरून घेतलेलं. आणि लातूरचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी १९७८ मध्ये ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे पुस्तक लिहिलं. पुढे हेच वाघमारे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. शीर्षकातला शब्द आज कुणी वापरणार नाही, पण तेव्हा तोच रूढ होता.

या सगळ्याच्या मुळाशी पुन्हा एक ग्रंथप्रेमी माणूस आहे. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकताना बाबासाहेबांनी न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली होती. १९१७ मध्ये लंडनहून परत येताना त्यांनी ग्रंथ वेगळ्या जहाजाने पाठवले. ते जहाज पहिल्या महायुद्धात बुडवलं गेलं. नंतर त्यांनी राजगृहात उभं केलेलं ग्रंथालय सगळ्यांना माहीत आहे. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. ही पत्रं आज कुठे आहेत माहितीये? मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात, ड्यू बॉइस यांच्या कागदपत्रांमध्ये. ऑनलाइन कुणालाही बघता येतात. ती पत्रं कुणी ‘निर्लेखित’ केली असती तर दोन चळवळींमधला हा धागा आपण फक्त ऐकीव म्हणून सांगत बसलो असतो.

आणि नशिबाचा फेरा बघा. ज्या कृष्णवर्णीय साहित्याने मराठवाड्यातल्या पोरांना लिहितं केलं, त्याच परंपरेतली पुस्तकं आज अमेरिकेतल्या शाळांच्या ग्रंथालयांतून काढली जातायत. पेन अमेरिका या संस्थेने २०२३-२४ या एका शैक्षणिक वर्षात पुस्तकं काढून टाकल्याची दहा हजारांहून जास्त प्रकरणं नोंदवली. टोनी मॉरिसन यांची ‘द ब्लूएस्ट आय’ या यादीत पुन्हा पुन्हा दिसते. मॉरिसन म्हणजे नोबेल मिळालेल्या लेखिका! त्यामुळे एकच प्रत का होईना, काढून न टाकणारं कपाट कुठेतरी असावं लागतं.

आपल्याकडे यादी नाही का?

आहे की. आणि ती राइटच्या तोडीची आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ तयार केली. पुढे १९३८ ते १९५० पर्यंतचा भागही केला. (शब्दकोशवाले दाते वेगळे, ते यशवंत रामकृष्ण. मीही आधी गोंधळले होते.) गावोगावची ग्रंथालयं पालथी घालून, मुख्यतः एका माणसाच्या चिकाटीवर हे काम झालं. राज्य मराठी विकास संस्थेने ती सूची नंतर पुन्हा उपलब्ध करून दिली. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ची, मराठीतली पहिली कादंबरी. १८६१ची लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’. ही नावं अभ्यासक्रमामुळे टिकली. पण त्यांच्या आगेमागे जे शेकडो लेखक होते, ते आज फक्त दात्यांच्या सूचीत जिवंत आहेत.

म्हणून माझं साधं म्हणणं आहे. रिद्धपूरच्या विद्यापीठाने इमारतीच्या आधी दाते सूची हातात घ्यावी आणि प्रत्येक नोंदीसमोर खूण करत जावं : हे पुस्तक आज कुठे आहे? मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आहे, एशियाटिकमध्ये आहे, पुण्यात आहे, लंडनला आहे, की कुठेच नाही? जे कुठेच नाही त्याच्या मागे लागायचं.

नव्या पुस्तकांसाठी कायदा आहेच. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. न पाठवल्यास मूळ कायद्यात दंड किती? पन्नास रुपयांपर्यंत, आणि पुस्तकाची किंमत. तालुक्याच्या गावी स्वतःच्या खर्चाने तीनशे प्रती काढणाऱ्या कवीला किंवा कादंबरीकाराला हा कायदा माहीतही नसतो. ऊसतोडीच्या फडावर सहा महिने काढून आलेल्या एखाद्याने आपली गोष्ट लिहिली आणि बीडच्या प्रेसमध्ये छापून घेतली, तर ती प्रत कोलकात्याला जाणार नाही, शिकागोलाही जाणार नाही. प्रकाशन समारंभाला आलेल्या लोकांकडे जाईल आणि मग संपेल.

पैशाचं म्हणाल तर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. योजना चांगली आहे, छोट्या कॉलेजच्या मुलांनाही महागडी आंतरराष्ट्रीय शोधपत्रिकं वाचता येतील. पण ती जर्नल्ससाठी आहे. त्यातून एकही मराठी कादंबरी कपाटात येणार नाही. दुसरीकडे, १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली चालणारी आपली गावोगावची वाचनालयं. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला कित्येक वर्षं वर्षाकाठी ३० हजार रुपये अनुदान होतं. महिन्याला अडीच हजार. त्यातच ग्रंथपालाचा पगार, वर्तमानपत्रं, वीजबिल. नंतर अनुदान वाढवलं, पण वाचनालयातल्या काकांना बाइंडिंगला पैसे नव्हते ते का, हे कळायला एवढा हिशेब पुरे.

मग स्कॅन का करत नाही, हा पुढचा प्रश्न. जुन्याला अडचण नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. हरिभाऊ आपटे १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये, त्यांचं साहित्य मोकळं झालंय. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले. म्हणजे त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०५७ ला मोकळी होणार. स्वस्तातल्या लाकडी लगद्याच्या कागदाला आम्ल खात असतं, तो पिवळा पडतो, मग तपकिरी, मग बोटात चुरा होतो. २०५७ पर्यंत किती प्रती स्कॅन करण्याच्या लायकीच्या उरतील, तुम्हीच बघा. वारसांची परवानगी घेऊन आधीच करता येतं, पण त्यासाठी आधी प्रत हवी ना.

तसं पाहिलं तर जपायची कला बीड जिल्ह्याला नवी नाही. नेकनूरवरून अंबाजोगाईला जा. तिथे दासोपंतांची पासोडी आहे, सोळाव्या शतकातला, कापडावर लिहिलेला ग्रंथ. कागद नव्हे, कापड. निजाम आला-गेला, रझाकार झाले, दुष्काळ झाले, पासोडी आहे. कारण ती कुणीतरी पूज्य मानली. अर्नाळकरांना कुणी हार घालत नाही, एवढाच फरक.

तुमच्या घरी अशी जुनी पुस्तकं असतील तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी तीन फोटो काढा : कव्हर, आतलं नावाचं पान आणि त्यामागचं प्रकाशक-आवृत्तीचं पान. वाचनालयाचा शिक्का असेल तर तोही. वाळवी लागलेलं पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तिचा डिंक कागदात उतरतो आणि अक्षरं झाकतो. कव्हर सुटलं असेल तर फेकू नका, पुस्तकासोबत पाकिटात ठेवा.

आजोबांचं पुस्तक मी बीडला घेऊन आलेय. पान नऊपासून सुरू होतं. शिक्क्यावर भिंग धरलं तेव्हा ‘सार्वजनिक’ एवढं वाचता आलं आणि खाली हाताने लिहिलेला दाखल क्रमांक, ६१२. काकांच्या नोंदवहीत ६१२ ला दुसरंच पुस्तक आहे. म्हणजे वाचनालय वेगळं. आजी म्हणाली, “तुझे आजोबा बाजाराला कुठं कुठं जायचे, म्या काय सांगू?” केज, पाटोदा, अंबाजोगाई. नोंदवह्या बघत फिरतेय.